फॉर्मवरचा चौकोन

बत्तीस वर्षांचा एक माणूस असह्य पोटदुखी घेऊन अमेरिकेतल्या एका इस्पितळाच्या इमर्जन्सीत आला. नोंदीत लिंग 'पुरुष'. आल्या आल्या त्याने नर्सला दोन गोष्टी सांगितल्या: मी ट्रान्सजेंडर आहे, आणि घरी केलेली प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. नर्सच्या डोक्यात बसलं ते वेगळंच. वजन जास्त, रक्तदाब चढलेला, विमा गेल्यामुळे गोळ्या बंद. तातडीचं काही नाही. त्याला बसवून ठेवलं. काही तासांनी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तो गरोदर असल्याची खात्री झाली आणि नाळ खाली सरकलेली आढळली. ऑपरेशन थिएटरकडे धावपळ झाली, पण तिथे बाळाचे ठोके सापडले नाहीत. मूल मृत जन्मलं.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने मे २०१९मध्ये हा प्रसंग छापला. लिहिणाऱ्या डॉक्टरांनी नर्सला खलनायिका केलं नाही. हीच लक्षणं घेऊन एखादी बाई आली असती, तर तिला थेट लेबर रूमकडे पळवलं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं. तो माणूस पुरुष आहे, हे बरोबर होतं. त्याला गर्भाशय आहे, हेही बरोबर होतं. फॉर्मवरच्या एका चौकोनात दोन्ही मावत नव्हतं.

ट्रान्सजेंडर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिग्नलला टाळी वाजवणारी मंडळी येतात, फार तर सौंदत्तीच्या वाटेवरचा जोगता. आणि मग पिढ्यान्पिढ्या ऐकलेलं वाक्य: 'त्यांचे अवयवच जन्मतः वेगळे असतात ना!' नसतात. अवयव, हार्मोन किंवा गुणसूत्रांची ठेवण जन्मतः वेगळी असलेल्यांना इंटरसेक्स म्हणतात. तो निराळा विषय. बहुतेक ट्रान्स माणसांचं शरीर जन्मतः चारचौघांसारखंच असतं. जन्माच्या वेळी 'मुलगी' किंवा 'मुलगा' म्हणून झालेली नोंद आणि स्वतःविषयीची खोल जाणीव, यांचा मेळ बसत नाही. काहींना तर दोन्हीपैकी एकही शब्द लागू वाटत नाही. त्यांना तिथे नॉन-बायनरी म्हणतात. लॉस एंजेलिसच्या विल्यम्स इन्स्टिट्यूटने २०२५मध्ये केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत तेरा वर्षांवरची सुमारे २८ लाख ट्रान्स माणसं आहेत, म्हणजे शंभरात एक. त्यांना ना गुरू-चेल्याचं घराणं, ना बधाई मागायचा हक्क. आपल्याकडच्या हिजडा समाजाचा साचा त्यांना लावला की पहिल्याच पायरीवर घोटाळा होतो.

दुसरा घोटाळा जास्त महाग पडतो. 'ट्रान्स लोकांचं आरोग्य' म्हटलं की ऐकणारा ऑपरेशनवर उडी मारतो. अमेरिकेतल्या २०१५च्या देशव्यापी पाहणीत २७,७१५ ट्रान्स व्यक्तींनी उत्तरं दिली. त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्शानेच कुठली ना कुठली लिंगबदलाशी निगडित शस्त्रक्रिया करून घेतली होती. बाकीच्यांच्या तक्रारी तुमच्याआमच्यासारख्याच: साखर, दाढदुखी, थायरॉइड, दमा. पण हात मोडला म्हणून गेलेल्यालाही 'तुम्ही हार्मोन कधीपासून घेता?' असं विचारलं जातं. याला इंग्रजीत नावच पडलंय, 'ट्रान्स ब्रोकन आर्म सिंड्रोम'. त्याच पाहणीत २३ टक्के लोकांनी सांगितलं की वाईट वागणुकीच्या धास्तीने वर्षभरात गरज असूनही आपण डॉक्टरकडे गेलो नाही. धास्ती हवेतून येत नाही.

रॉबर्ट ईड्सची गोष्ट अमेरिकेत या संदर्भात नेहमी सांगितली जाते. जॉर्जिया राज्याच्या ग्रामीण भागात राहणारा, दाढीवाला, पाइप ओढणारा ट्रान्स पुरुष. त्याने वयाच्या चाळिशीत लिंगबदल करून घेतला तेव्हा गर्भाशय आणि अंडाशय काढले नव्हते; पाळी जायचं वय जवळ आलंय, आता कशाला, असा वैद्यकीय सल्ला. १९९६मध्ये त्याला अंडाशयाचा कर्करोग निघाला. वीसहून जास्त डॉक्टरांनी त्याला दाखल करून घ्यायचं नाकारलं. प्रॅक्टिसवर परिणाम होईल, बाकीचे पेशंट काय म्हणतील, अशी कारणं. दाढीवाला माणूस स्त्रीरोगतज्ज्ञाच्या वेटिंग रूममध्ये बसलेला त्यांना चालणार नव्हता. ऑगस्टाच्या मेडिकल कॉलेज ऑफ जॉर्जियाने १९९७मध्ये उपचार सुरू केले, तोवर रोग पसरला होता. जानेवारी १९९९मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला. केट डेव्हिस यांनी त्याच्या अखेरच्या वर्षावर 'सदर्न कम्फर्ट' हा माहितीपट केला. २००१च्या सनडान्स महोत्सवात त्याला मुख्य पारितोषिक मिळालं. या गोष्टीत मला सगळ्यात बोचतो तो तपशील वेगळाच आहे: त्याला 'ट्रान्स' उपचार हवाच नव्हता. कर्करोगाचा हवा होता.

म्हणून तिथल्या जाणत्या डॉक्टरांनी एक साधा नियम धरलाय: जो अवयव आहे, त्याची तपासणी. गर्भाशयाचं मुख शाबूत असलेल्या ट्रान्स पुरुषाला पॅप स्मिअर लागतोच. ट्रान्स स्त्रीची योनी शस्त्रक्रियेने घडवतात तेव्हा प्रोस्टेट आतच ठेवतात, त्यामुळे वय झाल्यावर त्यावरही लक्ष ठेवावं लागतं. इस्ट्रोजेनमुळे प्रोस्टेटच्या रक्तचाचणीतला पीएसए खाली येतो, तेव्हा नेहमीच्या मोजपट्टीने 'नॉर्मल' दिसणारा आकडा तिच्या बाबतीत फसवा असू शकतो. पॅपचंही तसंच. टेस्टोस्टेरॉनमुळे तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, तपासणी दुखते, आणि घेतलेला नमुना अनेकदा अपुरा ठरतो. बोस्टनच्या फेनवे हेल्थमधल्या नोंदी तपासल्या तेव्हा ट्रान्स पुरुषांचे जवळपास ११ टक्के नमुने अपुरे निघाले; ट्रान्स नसलेल्या स्त्रियांचे सव्वा टक्क्याच्या आसपास.

एवढं करून बिल पाठवलं की पुन्हा चौकोन आडवा येतो. कार्डावर 'एम', आणि तपासणी गर्भाशयमुखाची? संगणक दावा फेटाळतो. ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, मेडिकेअरने, यावर तोडगा म्हणून बिलात टाकायचा एक कोड ठरवलाय: इस्पितळाच्या बिलावर ४५, डॉक्टरच्या बिलावर 'केएक्स'. तो टाकला की संगणक वाद घालत नाही. बिलिंगच्या खिडकीतल्या माणसाला हा कोड ठाऊक नसला, तर पेशंटच्या घरी पत्र येतं. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेवरची मेडिकेअरची सरसकट बंदी उठली ती मे २०१४मध्ये, आणि तीही एका वयस्कर ट्रान्स स्त्रीने अपील लढवल्यावर.

आता हार्मोनविषयी. एका बाजूला 'ते विष आहे', दुसऱ्या बाजूला इंटरनेटवर 'काही होत नाही, घ्या'. इस्ट्राडायॉल हे पाळी गेलेल्या कित्येक बायकांना देतात तेच औषध. स्पायरोनोलॅक्टोन मुळात रक्तदाब आणि हृदयविकाराची गोळी. इस्ट्रोजेनने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, त्वचेवर लावायच्या पट्टीने तो कमी राहतो. टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ शकतं, स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम चढू शकतं. म्हणून ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं. मधुमेह्याला हे समजावून सांगायला नको. खरा धोका देखरेखीशिवाय घेण्यात आहे, आणि विमा नसलेला माणूस नेमका तिकडेच ढकलला जातो. कोणाच्या तरी घरी जमून अंगात द्रव सिलिकॉन टोचून घेण्याचे प्रकार तिथे होतात. त्यातून माणसं दगावली आहेत, औषध प्रशासनाने जाहीर इशारे दिलेत. आणि एक गोष्ट ट्रान्स पुरुषांनाही माहीत नसते, डॉक्टरांनाही: टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात.

मुलांविषयी सगळ्यात जास्त आवाज आहे. 'लहान पोरांची ऑपरेशनं करतात.' हार्वर्डच्या संशोधकांनी विम्याच्या नोंदी चाळून २०२४मध्ये जे प्रसिद्ध केलं त्यात बारा वर्षांपर्यंतच्या एकाही मुलाची अशी शस्त्रक्रिया आढळली नाही. पंधरा ते सतरा वयात लाखात दोनच्या आसपास, आणि त्याही बहुतेक छातीच्या. वयात येणं थांबवणारी इंजेक्शनं मुळात अकाली वयात येणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेत १९९३पासून मान्य आहेत. खासगी विम्यातल्या अल्पवयीनांमध्ये ट्रान्स म्हणून ही इंजेक्शनं किंवा हार्मोन घेणारे हजारात एकापेक्षाही कमी. म्हणजे वाद नाही असं नव्हे. ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४च्या अहवालाने या उपचारांमागचा पुरावा कच्चा ठरवला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि अंतःस्रावतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनांनी उपचारांची बाजू सोडली नाही. हाडांची घनता, पुढे मूल होण्याची क्षमता हे प्रश्न खरेच आहेत, आणि ते आईबापांनी डॉक्टरला विचारायचे आहेत. पण जून २०२५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याचा या उपचारांवरच्या बंदीचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी कायम केला, आणि वीसहून अधिक राज्यांत अशी बंदी असल्यामुळे हा प्रश्न आता राज्याच्या सीमेवर ठरतो.

'हा मानसिक आजार आहे' याचं उत्तर छोटं आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या यादीत 'विकार' हा शब्द काढून त्या विसंगतीतून होणाऱ्या त्रासाला नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२पासून लागू झालेल्या यादीत तर तो विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातूनच बाहेर नेला. तरी त्या २०१५च्या पाहणीत ४० टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं होतं. देशाच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ४.६ टक्के. घरातून तुटलेल्यांत प्रमाण जास्त, घरच्यांनी धरून ठेवलेल्यांत कमी.

इथे मराठी घराची गंमत बघा. इंग्रजीत सर्वनाम बदललं की काम भागतं. मराठीत 'जेवलास का' आणि 'जेवलीस का'. आला-आली, दमला-दमली, शहाणा-शहाणी. न्यू जर्सीतल्या आईला लेकाशी बोलताना क्रियापद न् क्रियापद फिरवावं लागतं, आणि तीस वर्षांची जीभ ऐकत नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी सहा महिने सरळ 'जेवण झालं का?' वर भागवलं. त्यात समोरच्याचं लिंग येत नाही. स्टीफन रसेल यांच्या २०१८च्या एका छोट्या अभ्यासात, १२९ तरुण ट्रान्स मुलामुलींपैकी ज्यांना घरी, शाळेत, कामावर, मित्रांत त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली जात होती, त्यांच्यात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी दिसले. त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण या औषधाला पैसे पडत नाहीत.

काही दवाखान्यांचे फॉर्म आता बदललेत. आधी विचारतात, तुम्हाला काय म्हणून हाक मारू. मग तुम्ही स्वतःला काय मानता, मग जन्माच्या वेळची नोंद काय. आणि त्याखाली अवयवांची यादी: गर्भाशय, गर्भाशयमुख, अंडाशय, स्तन, प्रोस्टेट. असेल त्यावर खूण. असाच एक फॉर्म मी आईला भरून देत होते. तिची पिशवी कोल्हापुरात काढली त्याला वीस वर्षं झाली. याआधीच्या दवाखान्यात दर वर्षी न चुकता पॅप स्मिअरची आठवण यायची, कारण चौकोनात 'स्त्री'. दर वर्षी ती फोनवर, मोडक्या इंग्रजीत, अनोळखी मुलीला सांगायची.

"हे कोणासाठी विचारतात गं?" यादी बघून तिने विचारलं.

मी सांगितलं.

"बरं आहे की," ती म्हणाली, आणि 'गर्भाशय'पुढे स्वतःच 'नाही'वर खूण केली.