घराच्या नूतनीकरणानंतरचे विद्युत दोषनिदान

घराचे नूतनीकरण झाल्यावर वीजवाहिन्यांत उद्भवलेल्या बिघाडाचे स्थान व कारण शोधून काढण्याच्या प्रक्रियेला नूतनीकरणानंतरचे विद्युत दोषनिदान असे म्हणता येते. भिंतीत झिऱ्या पाडणे, फरशी बदलणे, फॉल्स सीलिंग बसवणे, स्विचबोर्डची जागा हलवणे या कामांत जुन्या तारा ओढल्या जातात, कापल्या जातात किंवा नव्या तारांना जोडल्या जातात. त्यावर प्लास्टर व रंग चढल्यामुळे दोष झाकला जातो. म्हणून भिंत फोडण्याआधी वितरण पेटीपाशी चाचण्या करून दोष कोणत्या परिपथात आहे हे ठरवणे, हे या निदानाचे मुख्य सूत्र होय. भारतात घरगुती वीजपुरवठा साधारणतः सिंगल फेज, २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ असतो. घरातील वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके आहेत.

संरक्षक उपकरणांवरून मिळणारा संकेत

वितरण पेटीत मुख्यतः दोन प्रकारची संरक्षक उपकरणे असतात. एमसीबी हे अतिभार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास परिपथ तोडते. आरसीसीबी हे फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह यांची तुलना करते. त्यांतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास ते पडते. माणसाच्या संरक्षणासाठी ही मर्यादा सहसा ३० मिलिअँपिअर असते. एमसीबीला अल्प गळती कळत नाही, तर आरसीसीबीला अतिभार कळत नाही. त्यामुळे दोहोंपैकी कोणते उपकरण पडले, हा निदानाचा पहिला धागा ठरतो.

सामान्यतः आढळणारे दोष

* शॉर्ट सर्किट : खिळा किंवा ड्रिल भिंतीतील पाइपात शिरून फेज व न्यूट्रल एकमेकांना टेकतात. संबंधित एमसीबी वर करताच पुन्हा पडते.
* गळती : तार ओढताना खरचटलेले आवरण किंवा ओलसर प्लास्टरमधील जंक्शन बॉक्स यांमुळे प्रवाह अर्थकडे झिरपतो.
* न्यूट्रलची सरमिसळ : एकाहून अधिक आरसीसीबी असलेल्या घरात नव्या दिव्याचा फेज एका आरसीसीबीवरून व न्यूट्रल दुसऱ्यावरून घेतला गेल्यास त्या दिव्याचा सगळा प्रवाह गळतीसारखा भासतो. ९ वॅटचा एलईडी दिवासुद्धा सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे तार कुठेही खराब नसताना आरसीसीबी पडते.
* सैल जोड : ३ किलोवॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम असला तरी तेथे सुमारे १७ वॅट उष्णता निर्माण होते. एमसीबी मात्र पडत नाही. सॉकेट तापणे, करपल्याचा वास येणे व दिवे लुकलुकणे ही याची लक्षणे होत.
* तुटलेला न्यूट्रल : उपकरणे बंद पडतात, परंतु सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो, कारण चालू स्थितीतील एखाद्या उपकरणातून फेज न्यूट्रलच्या तारेपर्यंत पोहोचतो. थ्री फेज पुरवठ्याच्या घरात सामाईक न्यूट्रल तुटल्यास काही दिवे मंद, तर काही अति प्रखर होतात. अशा वेळी मेन स्विच तत्काळ बंद करणे आवश्यक असते.

निदानाचा क्रम

आरसीसीबी वारंवार पडत असल्यास प्रथम सर्व उपकरणांचे प्लग काढले जातात. त्यानंतर सर्व एमसीबी बंद करून आरसीसीबी चालू केली जाते व एकेक एमसीबी वर केली जाते. ठरावीक एमसीबी वर करताच आरसीसीबी पडली, तर दोष बहुधा त्या परिपथाच्या फेजमध्ये असतो.

घरातील कोणताही मोठा भार चालू करताच आरसीसीबी पडत असेल, तर एखाद्या परिपथाचा न्यूट्रल अर्थला टेकलेला असण्याची शक्यता असते. एकध्रुवी एमसीबी केवळ फेज तोडते, न्यूट्रल तोडत नाही. त्यामुळे एमसीबी बंद-चालू करून हा दोष सापडत नाही. त्यासाठी मेन स्विच बंद करून प्रत्येक परिपथाचा न्यूट्रल न्यूट्रल-लिंकवरून सुटा करावा लागतो आणि न्यूट्रल व अर्थ यांमधील रोध मेगरने मोजावा लागतो. घरगुती वायरिंगसाठी ही चाचणी ५०० व्होल्ट डीसीवर करतात व किमान १ मेगाओहम रोध अपेक्षित असतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणे व एलईडी दिवे आधी काढले नाहीत, तर ते या व्होल्टेजने खराब होऊ शकतात.

प्लास्टर वाळल्यावर मोजलेला रोध वाढला, तर ओलावा हे कारण संभवते. तो तसाच कमी राहिला, तर तारेच्या आवरणाला इजा झाल्याचा संशय बळावतो.

सुरक्षितता

सतत पडणारी आरसीसीबी बायपास करणे किंवा एमसीबी अधिक क्षमतेची बसवणे, हे उपाय दोष दूर करत नाहीत, तर त्याची सूचना बंद करतात. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेवर ३२ अँपिअरची एमसीबी बसवल्यास अतिभाराच्या वेळी एमसीबीऐवजी तार तापते आणि आग लागू शकते. आरसीसीबीवरील टेस्ट बटण दाबल्याने केवळ तिची यंत्रणा चालते की नाही हे कळते. घराचे अर्थिंग योग्य आहे की नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

नुसत्या टेस्टरवरून तार मृत असल्याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. परिपथांची न्यूट्रल तार सामाईक असल्यास एक एमसीबी बंद केल्यावरही तिच्यात प्रवाह राहू शकतो. म्हणून वितरण पेटी उघडण्याचे काम परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच बंद असताना करून घेतले जाते.

प्रतिबंध

प्लास्टर करण्याआधी प्रत्येक परिपथाची मेगर चाचणी घेतल्यास दोष उघड्या झिरीतच दुरुस्त करता येतो. त्याच वेळी झिऱ्यांची छायाचित्रे अंतरांसह जपून ठेवल्यास आणि वितरण पेटीत परिपथांची नावे लिहिल्यास पुढे भिंतीत खिळा ठोकताना तारांची जागा कळते आणि निदानही सोपे होते.