केसपेपर कुणाच्या हातात?
ओपन सोर्स वैद्यकीय नोंदींबद्दलचे सात गैरसमज

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी किंवा मारेगावकडचा सिकलसेलचा रुग्ण दुखणं उठलं की आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथून पांढरकवड्याला, मग यवतमाळच्या ‘मेडिकल’ला आणि वेळ पडली तर सेवाग्राम किंवा सावंगीला. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो. मागचं रक्त कधी चढवलं, हायड्रॉक्सियुरियाचा डोस किती होता, हे नातेवाइकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडलं तर सापडलं.

अशा नोंदी नीट ठेवण्यासाठी जगभरचे डॉक्टर आणि प्रोग्रामर वीस वर्षांपासून मिळून ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो असं, सॉफ्टवेअर घडवत आहेत. ‘ओपनएमआरएस’ आणि त्यावर उभं राहिलेलं भारतीय ‘बाह्मनी’ ही त्यातली ठळक नावं. पण विषय निघाला की ठरावीक शंका पुढे येतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : ओपन सोर्स म्हणजे फुकट.

वस्तुस्थिती : परवान्याचे पैसे लागत नाहीत, एवढंच खरं. सर्व्हर, इन्व्हर्टर, केबल, प्रशिक्षण आणि बिघाड झाला की धावून येणारा माणूस, या सगळ्याला पैसे लागतात. सुरुवातीचे काही महिने कागद आणि संगणक दोन्हीकडे नोंद करताना सिस्टरांची दमछाक होते, तीही खर्चातच धरायची. ज्यांनी अंदाजपत्रकात हे धरलं नाही, त्यांचे संगणक वर्षभरात धूळ खात पडतात. फायदा असा की खर्च परवान्यावर न होता माणसांवर होतो, आणि ती माणसं आपल्याच जिल्ह्यातली असू शकतात.

गैरसमज २ : कुणीही हात घालतं, म्हणजे काम हौशी आणि कच्चं.

वस्तुस्थिती : ओपनएमआरएसची मुळं केनियात आहेत. एल्डोरेटजवळच्या मोसोरियोत या ग्रामीण आरोग्य केंद्रात २००१ मध्ये एक साधी संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. एचआयव्हीचे रुग्ण झपाट्यानं वाढले तशी ती अपुरी पडली. मग २००४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानाची रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट आणि ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था यांनी मिळून ओपनएमआरएसचं काम हाती घेतलं. २००६ मध्ये ते एल्डोरेटला प्रत्यक्ष वापरात आलं.

सूचना कुणीही करू शकतं, कोडही कुणीही पाठवू शकतं. पण ते अनुभवी मंडळी ओळ न् ओळ तपासतात, चाचण्या होतात, मगच ते नव्या आवृत्तीत जातं. ती आवृत्ती कधी घ्यायची हे रुग्णालय ठरवतं. ‘गुगल समर ऑफ कोड’मधून २००७ पासून विद्यार्थीही या कामात आले आहेत. त्यांचं कोडही याच चाळणीतून जातं.

गैरसमज ३ : कोड उघडा, म्हणजे रुग्णाची माहितीही उघडी.

वस्तुस्थिती : कुलूप कसं बनतं हे साऱ्या गावाला ठाऊक असलं, तरी किल्ली ज्याची त्याच्याकडेच असते. उघडा असतो तो कोड. रुग्णांची माहिती रुग्णालयाच्या सर्व्हरवर असते आणि कुणी काय पाहावं हे तिथे ठरवून देता येतं. नोंदणी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला नाव-गाव दिसेल, एचआयव्हीचा रिपोर्ट दिसणार नाही. खरा धोका असतो तो अख्ख्या वॉर्डानं एकच पासवर्ड वापरण्यात आणि तोही मॉनिटरला चिकटवून ठेवण्यात. ही शिस्त कुठलंही सॉफ्टवेअर विकत आणून मिळत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंही माहिती जपण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

गैरसमज ४ : खेड्यात नेट नाही, तिथे हे चालायचं नाही.

वस्तुस्थिती : बाह्मनी घडलं तेच मुळी छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारी गावात, ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या रुग्णालयात. थॉटवर्क्स कंपनीच्या अभियंत्यांनी ते तिथल्या डॉक्टरांसोबत बांधलं. सर्व्हर रुग्णालयातच ठेवला की ओपीडी, प्रयोगशाळा आणि औषधांची खिडकी आतल्या जाळ्यावर जोडलेली राहतात. बाहेरचं नेट गेलं तरी काम थांबत नाही. आपल्या शेजारी, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं वीसेक वर्षांपूर्वीच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीनं नोंदी संगणकावर नेल्या. ती प्रणाली वेगळी आहे. पण ग्रामीण रुग्णालयाला हे झेपतं, याचा तो दाखला आहे.

गैरसमज ५ : परदेशात जन्मलेलं सॉफ्टवेअर, त्याला आपले आजार काय कळणार?

वस्तुस्थिती : ओपनएमआरएसमध्ये आजार, तपासण्या, प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका शब्दसंग्रहात साठवलेली असतात. रुग्णालय त्यात भर घालू शकतं, एकाच गोष्टीला अनेक भाषांत नावं देऊ शकतं आणि कोडची एक ओळही न लिहिता नवा फॉर्म बनवू शकतं.

यवतमाळपुरतं सांगायचं तर २०१७ आठवा. कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. अशा रुग्णाच्या केसपेपरवर नुसतं ‘विषबाधा’ लिहिलं, तर ते त्या एका रुग्णापुरतं उरतं. त्याऐवजी फॉर्ममध्ये ठरावीक रकाने ठेवता येतात : गाव, कीटकनाशकाचं नाव, दोन कीटकनाशकं मिसळली होती का, पंप हातचा की बॅटरीचा, किती तास फवारलं, उलट्या, अंधारी, डोळ्यांची आग. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, म्हणजे कीटकनाशकाचं नाव उपचारासाठीही लागतंच. आणि एकाच परिसरातून एकाच कीटकनाशकाचे रुग्ण येऊ लागले, तर आठवड्याच्या तक्त्यात ते उठून दिसतं. सॉफ्टवेअरनं त्या वेळी जीव वाचले असते असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण तक्ता हातात असला की कृषी विभागाला जाब लवकर विचारता येतो.

गैरसमज ६ : मोठ्या कंपनीची प्रणाली घेतली की निर्धास्त.

वस्तुस्थिती : राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एका खासगी कंपनीची एचएमआयएस (रुग्णालय माहिती व्यवस्थापन) प्रणाली वर्षानुवर्षं चालली. २०२२ मध्ये ती सेवा बंद झाली आणि केसपेपर पुन्हा हातानं लिहावे लागले. ओपन सोर्समध्येही कंत्राटदार निघून जाऊ शकतो. पण कोड आणि माहिती मागे राहते, तिथून पुढे दुसरा माणूस काम उचलू शकतो. मात्र असा माणूस नेमलाच नाही, तर ओपन सोर्सही बंद पडतं.

गैरसमज ७ : ‘आभा’ कार्ड आलं, आता वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

वस्तुस्थिती : आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. ‘आभा’ हा त्यातला रुग्णाचा १४ अंकी क्रमांक. तो ओळख पटवतो आणि ठिकठिकाणच्या नोंदी जोडतो, पण नोंद राहते ती त्या-त्या रुग्णालयातच. तिथे नोंद कागदावरच असेल, तर जोडणार काय? बाह्मनीसारखं सॉफ्टवेअर या मिशनला जोडता येतं. नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र तर आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे.

थोडक्यात, सॉफ्टवेअर ओपन असल्यानं उपचार आपोआप सुधारत नाहीत. नोंदींचा ताबा मात्र रुग्णालयाकडे राहतो आणि गरजेप्रमाणे बदल करायची मोकळीक मिळते. यात हातभार लावायला प्रोग्रामरच असावं लागतं असंही नाही. फॉर्मचं मराठी भाषांतर तपासणारी परिचारिका, कुठला रकाना निरुपयोगी आहे हे सांगणारा वैद्यकीय अधिकारी, अडचण नेमक्या शब्दांत कळवणारा लॅब टेक्निशियन, ही सगळी या कामातली भागीदार मंडळी. यवतमाळ-पुसदच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना याचा विचार जरूर करावा. आणि रुग्णालयांनी कुठल्याही प्रणालीच्या करारावर सही करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा : उद्या तुम्ही गेलात, तर आमच्या सगळ्या नोंदी आम्हाला वापरता येतील अशा स्वरूपात मिळतील का? उत्तर ‘हो’ नसेल, तर सही करू नये.