गायगर आणि म्युलर: एक वादक, एक गिरणीवाला

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किरणोत्सार मोजण्यासाठी गायगर-म्युलर गणित्र नावाचे उपकरण असते. कमी दाबाचा वायू भरलेली एक नळी आणि तिच्या मधोमध ताणलेली, उच्च विद्युतदाब दिलेली तार, एवढीच त्याची मुख्य रचना. नळीत एखादा कण शिरला की ‘टक्’ असा आवाज येतो. हान्स गायगर आणि त्यांचे विद्यार्थी वाल्टर म्युलर यांनी १९२८ साली जर्मनीतील कील येथे ते तयार केले.

आता या नावांचे अर्थ पाहा. जर्मन भाषेत ‘गायगं’ म्हणजे व्हायोलिन आणि ‘गायगर’ म्हणजे ते वाजवणारा. ‘म्युलर’ म्हणजे धान्य दळून देणारा गिरणीवाला. (खरा उच्चार हवा असेल तर ओठ ‘ऊ’ म्हणण्यासारखे गोल करा आणि तोंडाने ‘ई’ म्हणा!)

म्युलर हे जर्मनीतील सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी, वेबर म्हणजे विणकर, ही नावे त्याच्या मागोमाग येतात. मध्ययुगात बहुतेक लोक शेतकरी होते. मग शेतकरी या अर्थाचे ‘बाउअर’ हे नाव पहिले का नाही? उत्तर साधे आहे. नाव माणूस ओळखण्यासाठी असते. ज्या गावात घरोघरी शेतकरी, तिथे ‘हान्स शेतकरी’ म्हटल्याने काय कळणार? पण गिरणीवाला गावात बहुधा एकच. ‘हान्स गिरणीवाला’ म्हटले की खूण पटली. गावात एक, पण अशी गावे हजारो! बाराव्या शतकापासून शहरांत आणि पुढे हळूहळू खेड्यांत अशी टोपणनावे वडिलांकडून मुलांकडे जाऊ लागली. मुलगा सुतारकाम करू लागला तरी नाव म्युलरच राहिले.

शब्द मात्र मूळचा जर्मन नाही. पाणचक्कीची विद्या रोमन लोकांकडून आली आणि तिच्याबरोबर ‘मोलिना’ हा लॅटिन शब्दही आला. उत्तर जर्मनीत त्याच आडनावाचे ‘म्योलर’ झाले. अमेरिकेत गेलेल्या अनेक म्युलर मंडळींनी ‘मिलर’ हे रूप घेतले. काही विद्वानांना साधे नाव कमीपणाचे वाटले असावे; त्यांनी त्याचे लॅटिन करून ‘मोलिटोर’ लावले.

कमीपणा वाटायला कारणही होते. पुष्कळ भागांत ठरलेल्या चक्कीवरच दळण न्यावे लागे, आणि मजुरी म्हणून गिरणीवाला दळणातलाच काही हिस्सा ठेवून घेई. थोडे पीठ धूळ होऊन उडते, थोडे दगडाला चिकटते. मग घट खरी किती आणि चोरी किती, हे शेतकऱ्याने कसे ओळखावे? संशय कायमचा चिकटला. बऱ्याच ठिकाणी गिरणीवाल्यांचा धंदा अप्रतिष्ठित मानला जाई आणि त्यांच्या मुलांना कारागिरांच्या संघात प्रवेश नसे. म्हणजे बापाच्या चक्कीपायी मुलाला दुसरा धंदा शिकण्याची वाटच बंद! १५४८ साली साम्राज्याच्या कायद्याने ही बंदी चुकीची ठरवली. त्या यादीत विणकर, न्हावी, मेंढपाळ यांच्याबरोबर गिरणीवाले होते, आणि पावा वाजवणारे वादकही होते. १५७७ मध्ये तेच पुन्हा सांगावे लागले, यावरून पहिल्या कायद्याचा परिणाम किती झाला असेल ते समजा.

अशा नावाची माणसे पुढे विज्ञानात ठिकठिकाणी भेटतात. त्रिकोणमितीवर ग्रंथ लिहिणारे पंधराव्या शतकातील रेगिओमोंटानुस हे मूळचे योहानेस म्युलर. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणारे पाउल म्युलर स्वित्झर्लंडचे. त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उच्च तापमानाच्या अतिसंवाहकतेसाठी १९८७ साली बेडनॉर्ट्‌स यांच्यासह ते मिळवणारे आलेक्स म्युलरही तिथलेच.

ऋग्वेद छापून प्रसिद्ध करणारे मॅक्स म्युलर आपल्या परिचयाचे आहेत. पुण्यामुंबईत जर्मन शिकवणाऱ्या संस्थेला त्यांचेच नाव आहे. त्यांचे खरे आडनाव नुसते म्युलर. पण एवढ्या म्युलरांच्या गर्दीत आपण ओळखू येणार नाही असे वाटून त्यांनी ‘मॅक्स’ हे स्वतःचे नाव आडनावालाच जोडून घेतले. सहाशे वर्षांपूर्वी गावात खूण पटवणारे नाव आता खूण पटवीनासे झाले होते.