रंगमंच कुणाला हवा, कुणाला नको

दसरा झाला की तमाशाचे फड बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा करत फिरतात. पुण्याहून साताऱ्याकडे निघालं आणि नीरा ओलांडली की लागतं ते आमचं शिरवळ. फडांच्या गाड्या या हमरस्त्यानं जाताना इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. खाली कनातीचे बांबू, त्यावर पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या आणि वळकट्यांवर रात्रीच्या जागरणानं पेंगुळलेली माणसं. आता त्याच रस्त्यानं ऑर्केस्ट्राच्या बसगाड्या, बेंजो पार्ट्या आणि डीजेचे टेम्पोही जातात.

याच गावात एमआयडीसीतली पाळी संपवून आलेला एखादा पोरगा खोलीचं दार लावून मोबाईलवर गाणं रेकॉर्ड करतो आणि यूट्यूबवर टाकतो. गणपतीच्या मंडपात कुणी ‘एक होऊन जाऊ दे’ म्हणालं, की मात्र हा मागच्या मागं सटकतो. मग लोक त्याला बुजरा ठरवतात. चारचौघांत गातो तो धीट, गात नाही तो भित्रा, ही आपली सोयीची वाटणी. सातारा-सांगलीकडच्या कलावंतांची आयुष्यं पाहिली की ही वाटणी टिकत नाही. कलावंत लोकांसमोर येतो की नाही, हे दोन गोष्टींवर ठरताना दिसतं. त्याचं पोट कशावर चालतं, ही एक. त्याची कला पुरी कुठं होते, ही दुसरी: समोरच्या माणसात, ध्वनिमुद्रिकेत की रियाजाच्या खोलीत.

समोर माणूस नसेल तर

कृष्णाकाठचं रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. श्रीधर कृष्ण कुलकर्णी (१८६६–१९४५) हे त्यांचं मूळ नाव. कुलकर्णीपण आणि सोवळं सोडून हा माणूस तमाशाच्या फडात उभा राहिला. घरी बसून कवनं रचली असती तर जात-बिरादरीनं कदाचित कौतुकही केलं असतं. पण लावणी कागदावर अर्धीच असते. ढोलकीची थाप, नाचणारीचा पाय आणि समोरच्या गर्दीची दाद या तिन्हींशिवाय ती उभी राहत नाही.

सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे ही जुळी भावंडं, हे याचं दुसरं उदाहरण. वगाची गोष्ट ठरलेली असली तरी बतावणीतली वाक्यं गावागणिक बदलतात. परवाच्या गावात ज्या विनोदावर हशा पिकला तो आज पडला, तर तिथल्या तिथं दुसरा काढावा लागतो. असा तमाशा बंद खोलीत, माईकसमोर, शांततेत करायला सांगणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला सांगण्यासारखं आहे.

शिरवळहून खंबाटकी उतरून सुरूरला वळलं की वाई. यमुनाबाई वाईकरांची (१९१५–२०१८) बैठकीची लावणी हा आणखी वेगळा प्रकार. इथं मोठी गर्दी लागत नाही. चार जाणकार पुरतात. गाणारी बसूनच गाते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर खेपेला तिचा अर्थ बदलते: एकदा भुवईनं, एकदा पदराच्या टोकानं, एकदा नुसती नजर खाली टाकून. पुढची अदा कोणती, हे समोरच्याचा चेहरा वाचून ठरतं. रेकॉर्डवर तिचा आवाज उरतो, पण अदा जाते. यमुनाबाईंना १९७७मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान आला तोवर अशी बैठक भरवणारी घरं आणि तशी दाद देणारी माणसं मात्र विरळ झाली होती.

या कलेला हौसेची बाजू आहे तशी पोटाचीही आहे. फड उभा करायचा तर मालकाला हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते. त्यासाठी तो कर्ज काढतो आणि ते सुपाऱ्यांतून फेडतो. उचल घेतलेल्या कलावंतापुढे आज गाऊ की नको, असा प्रश्न येतच नाही. विठाबाई नारायणगावकर नऊ महिन्यांच्या पोटानं बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला आल्या, हा प्रसंग आपण कौतुकानं सांगतो. त्यात जिद्द आहेच, पण खेळ बुडवणं परवडत नव्हतं, हेही आहे. करोनाच्या दोन वर्षांत जत्रा बंद पडल्या तेव्हा फडांकडे रॉयल्टी नव्हती आणि विकायला जुनी ध्वनिमुद्रणंही नव्हती. खेळ नाही म्हणजे मिळकत नाही, इतका साधा हिशेब.

सांगलीच्या दोघी बहिणी

सांगली ही नाटकवाल्यांची भूमी. विष्णुदास भाव्यांनी इथंच १८४३मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं. दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीचा संसारही काही काळ इथंच होता. त्यांच्या कन्या आशाबाईंचा जन्म सांगलीचा, ८ सप्टेंबर १९३३चा. लताबाई त्यांच्याहून चार वर्षांनी मोठ्या. दोघींचं घर एक, तालीम एक आणि वडिलांच्या मृत्यूनंतर (१९४२) वाट्याला आलेली ओढाताणही एकच. तरी रंगमंचाशी दोघींचं नातं निराळं राहिलं.

लताबाईंनी जाहीर कार्यक्रम केले ते मोजके. परदेशातला त्यांचा पहिला कार्यक्रम मार्च १९७४मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. तोवर पार्श्वगायनात पाव शतक उलटून गेलं होतं. १९८३च्या विश्वचषक विजेत्या क्रिकेट संघासाठी लताबाई दिल्लीत गायल्या आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. त्यांच्या मोठ्या कार्यक्रमांपाठी बहुधा असं काहीतरी निमित्त किंवा कार्य असे. रोजच्या भाकरीसाठी त्यांना रंगमंचाची गरज उरलेली नव्हती.

इथं एक गोष्ट विसरली जाते. १९५० आणि ६०च्या दशकांतलं ध्वनिमुद्रण म्हणजे आजच्यासारखं तुकडे जोडणं नव्हतं. गायिका, कोरस आणि भला मोठा वाद्यवृंद एकाच वेळी वाजत-गात. तिसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचा गज चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे लताबाई जन्मभर ‘लाइव्ह’च गायल्या, फक्त समोर श्रोते नसून जाणकार वादक आणि संगीतकार होते. माईकपासून किती दूर उभं राहायचं, श्वास कुठं चोरायचा, कोणता शब्द नुसता स्पर्शून सोडायचा, ही सगळी कारागिरी त्या खोलीसाठी घडलेली. हजारोंच्या मैदानात तिचा बारकावा हरवतो. त्यांचं गाणं रेकॉर्डवर पुरं होत होतं.

आशाबाईंचं गाणं रेकॉर्डवर थांबलं नाही. श्रोत्यांशी बोलणं, नकला, थट्टा, मध्येच ठेका धरणं हे सारं त्यांच्या कार्यक्रमांचा भाग झालं. अमेरिकेतल्या क्रोनॉस क्वार्टेटबरोबर त्यांनी २००५मध्ये अल्बम केला, आणि ८ सप्टेंबर २०२३ला, नव्वदाव्या वाढदिवशी, दुबईत जाहीर कार्यक्रम केला. त्या वयात सूर हलणार हे त्यांना ठाऊक नसेल का? पण श्रोता तिथं बिनचूक सूर मोजायला आलेला नसतो. बाई आपल्यासमोर उभ्या आहेत, हेच त्याला पुरतं.

मिरज: दरबारातून तिकिटाकडे

मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर १८९६मध्ये बाहेर पडले. त्यांनी गाणं दरबारातून काढून तिकीट लावलेल्या सभेत आणलं आणि ५ मे १९०१ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडलं. तोवर गवई लोकांसमोर गाई तो बहुधा आश्रयदात्याच्या मर्जीनं. तिकिटानं श्रोता बदलला, आणि गवयाला ‘आज गात नाही’ म्हणायची सोयही आली.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थिरावले. त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ध्वनिमुद्रिका दिल्या आणि पुढे १९३०च्या दशकात पुन्हा दिल्या. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत म्हणजे नुसता वानवळा. म्हणून त्या पिढीला तबकडी ही मैफलीची जाहिरात वाटे. खरं गाणं समोरासमोरचं. कित्येकांना उलट धास्ती होती, की आपली चीज कुणीही घरबसल्या उचलेल. खाँसाहेबांचं थडगं मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. तिथल्या उरसात आजही नामवंत कलावंत बिदागीचा विचार न करता हजेरी लावतात. तिकीट नाही, मर्जी नाही. गाणं ही सेवा, आणि सेवा द्यायला जातीनंच जावं लागतं.

त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) मिरजेत जन्मल्या. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी लोकांसमोर गाणारी बाई म्हणजे कोण, याचं उत्तर समाजानं आधीच ठरवून टाकलेलं होतं. साधी पांढरपेशी राहणी आणि भारदस्त बैठक यांच्या जोरावर हिराबाईंनी ते खोडून काढलं. त्यांच्या आधीच्या कितीतरी गोड गळ्यांच्या बायका जात्यापलीकडे आणि देवघरापलीकडे ऐकूच आल्या नाहीत. त्या ‘रंगमंच नको’ म्हणाल्या नव्हत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

नकाराची कारणं

ज्यांना विचारलं गेलं आणि तरीही जे नाही म्हणाले, त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. गोव्याच्या केसरबाई केरकरांनी (१८९२–१९७७) १९६०च्या दशकात, गळा शाबूत असतानाच मैफली थांबवल्या. उतरतीचं गाणं लोकांना ऐकवायचं नाही, हा बाणा. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीतही त्यांचा हात आखडताच. गंमत अशी, की त्यांचीच साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली.

मैहरच्या अलाउद्दीन खाँची मुलगी अन्नपूर्णादेवी सुरबहार वाजवायच्या. १९५०च्या दशकानंतर त्या जाहीर वादनातून दूर झाल्या आणि २०१८मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईतल्या घरात शिकवत राहिल्या. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर हे त्यांचे शिष्य. पती रविशंकरांशी असलेल्या नात्यातल्या ताणाची चर्चा खूप झाली. पण तो ताण होता असं धरलं, तरी साठ वर्षं रोज शिष्य घडवणं केवळ रुसव्यावर होत नाही. त्यांची विद्या शिष्यात पुरी होत होती.

काहींना श्रोत्यांनीच पिटाळलं. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमानंतर दौरे बंद केले. किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नसे. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड १९६४मध्ये मैफली सोडून कायमचा स्टुडिओत गेला; सभागृह त्याला झुंजीच्या आखाड्यासारखं वाटे. किशोरी आमोणकरांनी मैफली सोडल्या नाहीत, पण कुजबुज आणि ये-जा चालू असली की त्या सरळ गाणं थांबवत. त्याला लहरीपणा म्हणणारे पुष्कळ होते. पण शांतता ही त्यांच्या लेखी वाद्यमेळातलं एक वाद्यच होती.

आणि काही वेळा देहच नाही म्हणतो. कुमार गंधर्वांना १९४७च्या सुमारास क्षयानं गाठलं. देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली आणि मनात साठवली. पाचेक वर्षांनी ते परतले ते एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होऊन आणि लहान-लहान तानांची नवी गायकी घेऊन. न गाण्याची वर्षं वाया गेली नव्हती.

आता कुणाला परवडतं?

गेल्या काही वर्षांत हिशेब पुन्हा फिरला. तबकड्या आणि सीडी गेल्या. मोबाईलवरच्या ऐकण्यातून बहुतेकांच्या हाती चिल्लर पडते. २०१२मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गायक-वादकांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, पण तो नामवंतांच्या कामाचा. बाकीच्यांना पुन्हा सुपारीच. एकीकडे गाणं रेकॉर्ड करणं कधी नव्हे इतकं स्वस्त झालं आणि दुसरीकडे पोटासाठी बोर्डावर उभं राहणं पुन्हा सक्तीचं झालं.

त्यात ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहानंतर भोंगे बंद केले. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं. झोपमोड होणाऱ्यांचा हक्क खरा आहे. पण रात्रभराच्या मैफली त्यात गेल्या, आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या वगालाही कात्री लागली. दरबारी, मालकंसासारखे मध्यरात्रीचे राग मोकळ्या मंडपात त्यांच्या वेळेला ऐकणं आता अवघड झालं आहे.

या सगळ्यापासून दूर एक वर्ग आहे, तो भजनी मंडळांचा. एकादशीच्या रात्री देवळात पखवाजी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक लावतो, थाप मारून सूर पाहतो, थोडी काढतो, पुन्हा पाहतो. ना माईक, ना मानधन. ऐकणारे तेच आणि गाणारेही तेच. त्यांना रंगमंच हवा की नको हे विचारलं तर प्रश्नच कळणार नाही; पाठ भिंतीला आणि तोंड विठ्ठलाकडे, एवढंच त्यांना ठाऊक.

तेव्हा कलावंताला तराजूत घालताना थोडं थांबावं. बोर्डावर उभ्या असलेल्या बाईला पोटाची सक्ती असेल; दार लावून गाणाऱ्या पोराची कारागिरी खोलीतच पुरी होत असेल. आपल्या हाती दोनच गोष्टी आहेत. या हंगामात गावाजवळ फड, मैफल किंवा नाटक लागलं तर फुकटच्या पासाची वाट न बघता तिकीट काढा आणि फोन बंद करून बसा. आणि घरच्या समारंभात कुणी ‘मी गात नाही’ म्हणालं, तर दुसऱ्यांदा आग्रह करू नका.