अनुभवी परिचारिका कंत्राटावरच का?

आपल्याकडे परिचारिका पुरेशा नाहीत, हे आरोग्याविषयीच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येते, आणि ते खरेही आहे. जगात सुमारे ५९ लाख परिचारिका कमी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले होते. भारतात दर हजार लोकांमागे निदान तीन परिचारिका असाव्यात असे मानले जाते. सरकारने संसदेत दिलेला आकडा दोनच्या आसपासचा आहे, आणि तोही नोंदणी झालेल्या सगळ्यांना धरून. यातल्या कित्येक जणी परदेशात गेल्या, कित्येकींनी काम सोडले. एवढा तुटवडा असेल, तर दहा-पंधरा वर्षे आयसीयू किंवा लेबर रूम सांभाळलेल्या परिचारिकेला नोकरीसाठी कुठेही अडायला नको. प्रत्यक्षात तिच्या हातात अकरा महिन्यांच्या नेमणुकीची ऑर्डर असते, किंवा नर्सिंग ब्युरोतर्फे कुणाच्या तरी घरी मिळालेली बारा तासांची ड्युटी. तीही सुटली की पुढच्या फोनची वाट पाहायची. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असण्याचे कारण मला स्पष्ट दिसते. परिचारिकांची गरज मोजली जाते लोकसंख्येवरून, आणि नोकरी मिळते ती मंजूर आणि भरलेल्या पदावर. गरज वाढत राहिली, पदे वाढली नाहीत, आणि अनुभवाची किंमत मोजण्याची जबाबदारी कुणीच घेतली नाही.

सरकारी रुग्णालयांपासून सुरुवात करू. तिथे किती अधिपरिचारिका, किती परिसेविका आणि किती अधिसेविका असाव्यात, हे आकृतिबंधावरून, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेवरून ठरते. रुग्णालयात खाटा वाढतात, नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग सुरू होतो. पण नव्या पदांचा प्रस्ताव वित्त विभागाची मान्यता मिळेपर्यंत फिरत राहतो, आणि मंजूर पदेही निवृत्ती व बढतीमुळे रिकामी होत जातात. ही पोकळी भरण्यासाठी कंत्राटी नेमणुकीचा मार्ग सापडला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून हजारो परिचारिका मानधनावर आल्या. अकरा महिन्यांचा करार, मग एखाद्या दिवसाचा तांत्रिक खंड, मग नवी ऑर्डर. हा खंड कामातला नसतो, रुग्ण त्या दिवशीही असतातच. सेवा सलग दिसू नये एवढ्यासाठी तो ठेवलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी खटल्यात सांगितले की, केवळ बरीच वर्षे तात्पुरते काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मागच्या दाराने होणारी भरती थांबावी हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पुढे मात्र पुढचे दार बंद ठेवण्यासाठीही याच निकालाचा आधार घेतला गेला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये जग्गो खटल्यात न्यायालयाला स्वतःलाच म्हणावे लागले की, कायम स्वरूपाचे काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या नावाखाली करून घेण्यासाठी हा निकाल वापरू नये.

यात भर पडते वयाच्या अटीची. महाराष्ट्रात सरकारी भरतीसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ वर्षे आणि मागासवर्गीयांची ४३ वर्षे आहे. एम्सच्या परिचर्या भरतीत खुल्या गटाला ती ३० आहे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कामाला लागलेली परिचारिका अनुभवी म्हणावी अशी होते, तोवर स्पर्धेचे दार अर्धे लागलेले असते. परीक्षा असते बहुपर्यायी प्रश्नांची. त्यात आताच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी पुढे असणे साहजिक आहे; बारा वर्षे नाइट ड्युटी करणारीला अभ्यासाला वेळ मिळाला नाही, यात तिचा दोष नाही. गरजेपुरते घेऊन सोडून देण्याची रीत कोविडच्या काळात फार उघडपणे दिसली. मुंबईत बीकेसी, गोरेगावचे नेस्को, पुण्यात सीओईपीच्या मैदानावरचे जंबो सेंटर, सगळीकडे काही महिन्यांच्या करारावर परिचारिका घेतल्या गेल्या. शंभर दिवस कोविड सेवा केलेल्यांना नियमित सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल, अशी घोषणा केंद्राने मे २०२१ मध्ये केली. लाट ओसरली, सेंटर बंद झाली, आणि प्राधान्य द्यायला आधी भरती निघावी लागते, हे त्या परिचारिकांना कळून चुकले.

खासगी क्षेत्रात कारण वेगळे आहे, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. रुग्णालयाचे बिल नीट पाहा. डॉक्टरांची फी वेगळी, तपासण्या वेगळ्या, औषधे वेगळी. परिचर्या मात्र बहुतेकदा खाटेच्या भाड्यात मुरलेली किंवा रोजच्या एका ठरीव रकमेची. ती खाट पंधरा वर्षांचा अनुभव असलेली सिस्टर सांभाळते की गेल्या महिन्यात रुजू झालेली, याने बिलात एका रुपयाचाही फरक पडत नाही. नामवंत शल्यविशारदाच्या नावाने रुग्ण येतात. नामवंत परिचारिका असा प्रकारच आपल्याकडे नाही. मग व्यवस्थापनाच्या दृष्टीने अनुभव म्हणजे निव्वळ वाढीव पगार. दरवर्षी जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींची नवी तुकडी बाहेर पडते. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आणखी १५७ नर्सिंग महाविद्यालये जाहीर झाली. शिक्षण वाढावेच. पण पदे आणि पगार तसेच ठेवून केवळ जागा वाढवल्या, तर स्वस्तात काम करायला तयार असलेली रांग तेवढी लांबते, आणि जुनीला सांगायला सोपे जाते की, तुमच्या अपेक्षा आम्हाला परवडत नाहीत. ज्या रुग्णालयात ती आहे तिथेही सुटका सोपी नसते, कारण अनुभवाचा दाखला देणे व्यवस्थापनाच्या हातात असते, आणि तो अडवून धरण्याची तक्रार या पेशात जुनी आहे.

ही पिळवणूक कुणाच्या लक्षात आली नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिने खासगी रुग्णालयांसाठी स्पष्ट शिफारशी केल्या: २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार, शंभरहून अधिक असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि त्याहून लहान ठिकाणी महिना किमान २० हजार रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. केरळात परिचारिकांची संघटना रस्त्यावर उतरली आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. इतरत्र बहुतेक ठिकाणी या शिफारशी कागदावरच राहिल्या.

अनुभवाने रुग्णाला नेमका काय फरक पडतो, हा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवरचा रुग्णभार एकाने वाढला, की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही जवळपास तसेच आढळले. हे पुरावे मनुष्यबळाचे आहेत, थेट अनुभवाचे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण अनुभवाचा भाग परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्येच मांडला होता: नवखी परिचारिका नियमाला धरून चालते, मुरलेली पूर्ण परिस्थिती एका नजरेत ओळखते. बाळंतिणीचे उदाहरण घ्या. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने बहुधा कमी भासतो, आणि रक्तदाब घसरेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. अनुभवी सिस्टरचा हात पोटावर पडताच गर्भाशय सैल आहे हे तिला कळते, आणि डॉक्टर येईपर्यंत तिने चोळायला, औषध तयार ठेवायला सुरुवात केलेली असते. ही जाण पुस्तकातून येत नाही. ती टिकवण्यासाठी माणूस त्याच वॉर्डात टिकावा लागतो. दर अकरा महिन्यांनी ज्याला आपले सामान आवरायची तयारी ठेवावी लागते, त्याच्याकडून या जाणेची अपेक्षा कशी करायची?

आक्षेप घेतला जातो तो पैशाचा. तालुक्याच्या गावातले पंधरा-वीस खाटांचे नर्सिंग होम चालवणारा डॉक्टर म्हणतो, एवढा पगार दिला तर दवाखाना बंद करावा लागेल. ही अडचण खोटी नाही. पण मग उपाय परिचारिकेच्या पगारात शोधू नये, दराच्या रचनेत शोधावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत आजाराला एकगठ्ठा पॅकेज असते. त्यात परिचर्येचा खर्च वेगळा मोजला आणि पात्र परिचारिका ठेवणाऱ्यालाच तो मिळाला, तर अनुभव हा तोट्याचा विषय राहणार नाही. दुसरा आक्षेप नेहमी ऐकू येतो: कायम झाले की कामात ढिलाई येते. काही ठिकाणी येतेही. पण तिची दुरुस्ती देखरेखीने व्हायला हवी. नोकरीच्या भीतीने काम सुधारते हा समज रुग्णालयात तर उलटा ठरतो. चुकीचे इंजेक्शन दिले गेले, हे ताबडतोब सांगितले तर रुग्ण वाचू शकतो. ज्या परिचारिकेची ऑर्डर पुढच्या महिन्यात संपणार आहे, ती ते सांगायला घाबरेल. असुरक्षित नोकरीत चुका कमी होत नाहीत, लपतात.

मग परदेशी जावे, असाही सल्ला दिला जातो. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, त्यात परिचारिकाही आहेत. ज्यांना जायचे त्यांनी जरूर जावे. पण नवी भाषा शिकून परीक्षा देणे, घर-संसार उचलून नेणे, हे चाळिशीतल्या दोन मुलांच्या आईला जमेलच असे नाही. आणि ती गेली तर इथल्या लेबर रूममधली तिची जाण तिच्याबरोबरच जाते.

सरकारला आज जे करता येण्यासारखे आहे, त्यातले बरेचसे मोठ्या खर्चाचेही नाही. कंत्राटी सेवेची जितकी वर्षे, तितकी वयात सूट द्यावी. परीक्षेत अनुभवाला गुण असावेत. नोंदणीच्या नोंदवहीत प्रत्येक परिचारिकेचा विभागवार अनुभव चढवला, तर दाखल्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. प्रत्येक पाळीत किती रुग्णांमागे किती पात्र परिचारिका आहेत, हे वॉर्डाच्या दारावर लिहिणे सक्तीचे करावे. नातेवाइकांना निदान काय विचारायचे ते कळेल. पण नुसता निर्णय पुरत नाही, तो अमलातही यावा लागतो. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, त्या बाह्यस्रोत संस्थांमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधात. २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या दहा वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्यांचे नियमित पदांवर समायोजन करण्याचा निर्णय सरकारने घेतला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हे कर्मचारी संपावर गेले, तेव्हा त्यांची मुख्य मागणी त्याच निर्णयाच्या अंमलबजावणीची होती.