मिनिटाला श्वास किती?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं सुइणींच्या हाती एक साधं यंत्र दिलं होतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी, बस्स. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया समजायचा. मोठ्या आकड्यांत अडखळणाऱ्या बायकांना त्यामुळे निदान करता येऊ लागलं. या ‘ब्रेथ काउंटर’वरचा शोधनिबंध १९९२ सालचा. आजच्या आरोग्य-ॲपांची ही आजी, असं मी मानतो.

प्रश्न अजून तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांच्या आत ४० भरले, तर ते धाप लागल्याचं लक्षण. पण मूल चुळबुळतं, रडतं, मध्येच आई बोलते आणि चाळिसाच्या घरात मोजणी हुकते. पुन्हा पहिल्यापासून!

मोबाइलनं इथे वेगळी युक्ती काढली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात घडवलेल्या ‘आररेट’ ॲपमध्ये आकडे मोजायचेच नाहीत. छाती वर आली की पडद्यावर बोट टेकवायचं. ॲप दोन टिचक्यांमधला वेळ मोजतं. तो १.२ सेकंद असेल, तर श्वास मिनिटाला ५०. टिचक्या एका लयीत पडल्या तर उत्तर काही सेकंदांत मिळतं. लय बिघडली तर ॲप ती मोजणी मानत नाही.

पाड्यावर रेंज नसते, म्हणून चांगलं ॲप नोंद आधी फोनमध्येच ठेवतं आणि रेंज मिळाली की वर पाठवतं. ही तशी सोपी गोष्ट. अवघड आहे ते हे ठरवणं, की ॲप कोणासाठी आहे? मणी सुइणीला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. आपली बरीचशी सरकारी ॲपं कार्यकर्तीला प्रश्नच विचारत राहतात; उत्तरं जातात राजधानीला.

२०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा ‘बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही’ असं म्हणणारे भेटले. सेविकांच्या तक्रारी मात्र नेमक्या होत्या: फोनची मेमरी अपुरी, तो तापतो, अडकतो आणि नोंदी भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत. वाढीच्या तक्त्यावर बाळ कुठे बसतं हे वजन-उंची भरताच सांगण्याची सोय त्याच ॲपात होती, पण ती वाचायची कोणत्या भाषेत?

गावातल्या आशा कार्यकर्तीच्या पिशवीतही अजून वही असतेच. दिवसभर वहीत लिहायचं आणि रात्री चूल आवरल्यावर तेच पुन्हा मोबाइलमध्ये भरायचं.