ताऱ्याच्या आयुष्याचे टप्पे : मृगापासून व्याधापर्यंत

जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र चांगले वर आलेले असते. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याच्या मधोमध तीन ताऱ्यांचा बाण, ही त्याची खूण. ताऱ्याच्या आयुष्यातले बरेचसे टप्पे आपल्याला इथेच ओळीने पाहता येतात.

पहिला टप्पा जन्माचा. बाणाच्या दक्षिणेला एक धुरकट ठिपका दिसतो. हा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षे. ढगाचा दाट भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो आणि आकसता आकसता तापतो. गाभ्याचे तापमान कोटी अंशांच्या घरात गेले की हायड्रोजनची अणुकेंद्रे जुळून हेलियम बनू लागतो. यालाच संमीलन म्हणतात. तारा ‘जळतो’ असे आपण म्हणतो खरे, पण इथे ज्वलन मुळीच नसते.

दुसरा टप्पा सर्वांत लांब : मुख्य क्रम. ताऱ्याच्या आयुष्याचा सुमारे ९० टक्के काळ यातच जातो. गुरुत्वाकर्षण आत खेचते, तापलेल्या वायूचा दाब बाहेर रेटतो. संमीलन वाढले तर गाभा फुगून थंडावतो आणि वेग आपोआप उतरतो. मंदावले तर गाभा आकसून तापतो आणि वेग पुन्हा चढतो. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन वापरतो. त्याची ४६० कोटी वर्षे झाली, अजून ५०० कोटींच्या आसपास उरली आहेत.

नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते. मोठा तारा, मोठा साठा, म्हणून जास्त आयुष्य, असे वाटते. घडते उलट : जड ताऱ्याचा गाभा इतका तापतो की साठा भराभर संपतो. बाणाची रेघ आग्नेयेकडे वाढवली की व्याध सापडतो. सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचा हा तारा अजून मुख्य क्रमात आहे. त्याचा जोडीदार १८६२ साली अल्वन ग्रॅहॅम क्लार्क यांना नवे भिंग तपासताना दिसला. दोघे एकाच वेळी जन्मलेले. पण जोडीदार मुळात जास्त जड होता, म्हणून तो आधीच संपला.

तिसरा टप्पा उतरणीचा. गाभ्यातला हायड्रोजन संपला की गाभा आकसतो, बाहेरचे थर मात्र फुगून थंड होतात. हा तांबडा राक्षसी तारा. बाणाची रेघ वायव्येकडे नेली की दिसणारी नारिंगी रोहिणी याच अवस्थेत आहे.

शेवट वस्तुमानावर ठरतो. सूर्यासारखा तारा बाहेरचे थर सोडून देतो आणि मागे पृथ्वीएवढा, अतिघन श्वेतबटू उरतो. व्याधाचा जोडीदार तोच. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याचा सहसा स्फोट होतो आणि मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर राहते. मृगाच्या चौकोनातलीच तांबूस आर्द्रा त्याच वाटेवर आहे. सूर्याचा असा स्फोट होणार नाही. तेवढे वस्तुमानच त्याच्याकडे नाही.

पाहण्यासाठी चंद्र नसलेली रात्र निवडावी. शहराच्या उजेडात तेजोमेघ हरवतो. रोहिणी, आर्द्रा आणि व्याध मात्र आपल्या गच्चीवरूनही सहज ओळखता येतात.